तीस लिटरचा केग आणि साठ मगांचा हिशोब
साताऱ्यात हायवेलगत आमची परमिट रूम आहे. ड्राफ्ट बिअर सुरू केली तेव्हा हिशोब सोपा वाटला: 30 लिटरचा केग (बिअरचं धातूचं पिंप), अर्ध्या लिटरचा मग, म्हणजे 60 मग. भरत होते कसेबसे 46. बाकीचा सगळा फेस मोरीत.

आधी मी केगमधली बिअर नळापर्यंत ढकलणाऱ्या गॅसचा दाब कमी केला. तिथेच चुकलो. दाब उतरला की कार्बन डायऑक्साइड नळीतच सुटतो आणि फेस आणखी वाढतो. खरं दुखणं उष्णतेचं होतं. एप्रिलच्या उन्हात टेम्पोतून आलेला केग आम्ही तासाभरात जोडायचो. बिअर गार असली की वायू विरघळून राहतो, कोमट झाली की बाहेर पडतो. आता केग पूर्ण दिवस 3-4 अंशांवर, न हलवता ठेवतो. नळ अर्धवट नाही, पूर्ण उघडायचा; आणि बिअरचा मग तिरका धरायचा. नळी दर पंधरा दिवसांनी धुतो.

शिल्लक बघायला वजनकाटा घेतला. रिकाम्या केगचं वजन वजा केलं की उरलेले किलो म्हणजे जवळपास तेवढेच लिटर. पोरांचं अंदाजपंचे थांबलं, याचा मला जास्त आनंद आहे. आता 56-57 मग निघतात, तेही रेघेपर्यंत भरून, वर बोटभर फेस.