वावराची खरेदी : दस्त, ताबा आणि फेरफार

विदर्भातल्या खेड्यांत जमिनीचा सौदा निघाला की पहिली विचारणा सातबाऱ्याची होते, आणि सातबाऱ्यावर नाव चढले म्हणजे वावर आपले झाले अशी समजूत अजूनही सर्वत्र आढळते. कायद्याची रीत वेगळी आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, परंतु तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे. म्हणून आधी विकणाऱ्याचा हक्क तपासावा, मग खरेदीखत नोंदवावे आणि त्यानंतर ताबा व फेरफार, म्हणजे महसुली अभिलेखात नाव बदलल्याची नोंद, पूर्ण करून घ्यावा.

सर्वाधिक वेळ तपासणीला द्यावा. चालू सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींचा उतारा) हे उतारे डिजिटल स्वाक्षरीचे सहज मिळतात, पण तेवढ्यावर थांबू नये. सातबाऱ्यावर फेरफारांचे जे क्रमांक दिलेले असतात, त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावी आणि शक्य तेथे १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापर्यंत मागे जावे. विकणाऱ्याकडे जमीन खरेदीने आली, वाटणीने आली, वारसाने आली की शासनाने दिली, हे त्या साखळीवरून कळते. वडिलांच्या पश्चात केवळ मुलांची नावे लागली असतील, तर मुली किती होत्या आणि त्यांची नावे का नाहीत, हे विचारलेच पाहिजे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलाइतका सहदायिकी हक्क, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतील हिस्सा, मिळाला, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीने पटवाऱ्यासमोर ‘मला हिस्सा नको’ असा जबाब दिला, एवढ्याने तिचा हक्क संपत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. बहिणींना खरेदीखतावर सहीसाठी बोलावणे ही अनेक घरांत अजून अवघड गोष्ट वाटते. तरीही त्यांना बोलवावे, कारण हिस्सा त्यांचा आहे, आणि त्यांना वगळून घेतलेले वावर पुढे दिवाणी न्यायालयात अडकते.

त्यानंतर जमिनीचा प्रकार पाहावा. भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली, जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय घेऊ नये. गडचिरोली, मेळघाट, यवतमाळ या भागांत विशेष दक्षता हवी, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला मंजुरीवाचून घेता येत नाही. भूदानात मिळालेली जमीनही विक्रीयोग्य नसते. विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, तेव्हा त्याचा पुरावा आधीच काढून ठेवावा. गटाचा लहान भाग घ्यायचा असेल, तर तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यावरील बंदीचे, सध्याचे नियम तहसील कार्यालयात विचारून घ्यावेत.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल, तर तो फेडल्याचा दाखला हाती आल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नये. दुय्यम निबंधक कार्यालयातील जुन्या दस्तांचा शोध वकिलामार्फत घ्यावा. भूमी अभिलेख विभागाकडून मोजणी करून घ्यावी. धुऱ्याचे (बांधाचे) आणि पांदण रस्त्याचे वाद मोजणी न केल्यानेच वाढतात.

सौदा ठरल्यावर काही रक्कम आगाऊ देऊन इसारपत्र, म्हणजे विक्रीचा करार, लिहितात. त्याने पुढे विक्री करण्याचे बंधन येते, मालकी मिळत नाही. खरेदीखतात गट क्रमांक, क्षेत्र, आकार (जमीन महसुलाची आकारणी) आणि चतुःसीमा बिनचूक लिहाव्यात. विहीर, मोटारपंपाची जोडणी, झाडे आणि येण्याजाण्याचा रस्ता यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा. रक्कम बँकेमार्फत द्यावी. मुद्रांक शुल्क शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील किंमत आणि प्रत्यक्ष किंमत यांपैकी जी अधिक असेल तिच्यावर आकारले जाते. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा.

येथे एक कळकळीची विनंती आहे. हंगामाच्या तोंडावर बी-बियाण्यासाठी पैसे घेताना तारण म्हणून सावकाराच्या नावे खरेदीखत करून देऊ नये. ‘पैसे फेडल्यावर वावर परत करीन’ हे तोंडी वचन, किंवा वेगळ्या कागदावर लिहिलेले वचन, अशा वेळी फारसे उपयोगी पडत नाही, कारण सशर्त विक्रीला गहाण मानण्यासाठी परतीची अट त्याच दस्तात असावी लागते. असा दस्त झाला असेल तर विनाविलंब जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करावी. अवैध सावकारीत गेलेली जमीन परत देण्याची तरतूद २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमात आहे.

नोंदणीकृत दस्ताची माहिती निबंधक कार्यालयातून महसूल यंत्रणेकडे आपोआप जाते. फेरफार नोंदवला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर चौकशी होऊन निर्णय होतो आणि त्यावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

वारसाने आलेल्या जमिनीची वर्दी (खबर) मात्र स्वतःच द्यावी लागते : मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, पटवाऱ्याकडे म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मृत्यूच्या दाखल्यासह आणि सर्व वारसांच्या नावांसह. शेतकऱ्याच्या विधवेचे नाव दीर मंडळी पुढे कधीतरी लावू म्हणतात, आणि तोवर पीककर्ज, पीकविमा, अनुदान या सगळ्यांसाठी तिला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. मुदत उलटली असली तरी अर्ज करावा, कारण उशिरामुळे तिचा वारसाहक्क बुडत नाही.

गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवला जातो, पण तो कर आकारणीचा उतारा आहे. घराच्या विक्रीलाही नोंदणीकृत दस्तच लागतो.

फेरफार प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा आणि आठ-अ काढून नाव, क्षेत्र आणि बोजा खरेदीखताशी ताडून पाहावा. लेखनातील चूक आढळल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करावा.