वर्ल्डकॉनच्या परिसंवादात कसे बोलावे

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या वाचकांचे जागतिक संमेलन, म्हणजे वर्ल्डकॉन, १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम भरले. ते आजही स्वयंसेवक वाचकच चालवतात, आणि समोर बसलेले बहुतेक श्रोते वर्गणी भरलेले सदस्य असतात; या प्रकारच्या उत्तम लेखनाला दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांसाठी नावे सुचवणारे आणि मत देणारेही सदस्यच. तेथे बोलण्याची संधी मिळालेल्या मराठी लेखकाने तयारी करताना हे प्रथम ध्यानात घ्यावे, कारण कालप्रवास किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय, हे या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नाही. त्यांना त्याविषयीचे आपले मत ऐकायचे असते.

आयोजक संमेलनाच्या बरेच आधी इच्छुक वक्त्यांकडून विषय विचारून घेतात. तेव्हा ‘कशावरही बोलेन’ असे न कळवता, ज्यांवर आपण खरोखर विचार केला आहे असे दोन-तीन विषयच नेमकेपणाने लिहावेत.

आपल्याकडील परिसंवादात प्रत्येक वक्ता उठून स्वतंत्र भाषण करतो आणि अध्यक्ष शेवटी समारोप करतात. वर्ल्डकॉनमध्ये मात्र चार-पाच जण एका टेबलामागे बसून आपसांत बोलतात आणि सूत्रसंचालक त्या बोलण्याला दिशा देतो. साधारण तासाभराच्या सत्रातून परिचय आणि श्रोत्यांचे प्रश्न वजा केले, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम आठ-दहा मिनिटे येतात, तीही तुकड्या-तुकड्यांनी. म्हणून लिहून आणलेले भाषण येथे निरुपयोगी ठरते. त्याऐवजी एक ठाम विधान, त्याला आधार देणारी दोन उदाहरणे आणि सहवक्त्यांना विचारण्याजोगा एक प्रश्न, एवढे कागदावर टिपून न्यावे. सहवक्त्यांचे थोडेतरी लेखन आधी वाचावे. ‘आपल्या कथेतील अमुक पात्राबाबत मला वेगळे वाटते’ असे म्हणता आले की चर्चेला खरा जीव येतो, आणि माझ्या मते उत्तम वक्त्याची ओळख तेथेच पटते. स्वतःच्या पुस्तकाचा उल्लेख परिचयात एकदा करावा. प्रत्येक उत्तर त्याच्याकडे वळवणारा वक्ता श्रोत्यांना लवकर नकोसा होतो.

मराठी विज्ञानकथेविषयी कोणी विचारले, तर शतकभराचा आढावा घेण्याचा मोह टाळावा आणि लक्षात राहील अशी एकच हकिगत सांगावी. उदाहरणार्थ, जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले; पुढे २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाने मातृभाषेत कथा लिहाव्यात आणि त्या भाषेच्या मुख्य साहित्यव्यवहाराने त्याचा असा सन्मान करावा, ही गोष्ट परदेशी वाचकाला आपल्या परंपरेविषयी पुष्कळ काही सांगून जाते. तिचा आपल्याला अभिमान वाटतो, हेही मोकळेपणाने दिसू द्यावे.

आवाज कितीही खणखणीत असला तरी माइक नाकारू नये. कमी ऐकू येणाऱ्या श्रोत्यांच्या यंत्रणेला आवाज माइकमधूनच मिळतो. मराठी नावे सावकाश उच्चारावीत. इंग्रजीवर प्रभुत्व नसल्याची क्षमा मागण्यात वेळ दवडू नये. जगभरातून आलेल्यांपैकी अनेकांची ती मातृभाषा नसते.

कथावाचनाचे वेगळे सत्र मिळाले, तर उतारा घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहावा आणि मिळालेल्या वेळेपेक्षा थोडा आधीच संपेल असा निवडावा.

प्रश्नोत्तरांत एखाद्या श्रोत्याने आपल्यापेक्षा अधिक वाचले असल्याचे दिसले, तर त्याच्याकडून पुस्तकाचे नाव विचारून तेथेच लिहून घ्यावे. सत्र संपताच टेबल रिकामे करावे, कारण पुढचे वक्ते दाराशी थांबलेले असतात; ज्यांना अजून बोलायचे आहे त्यांना सोबत घेऊन बाहेरच्या मार्गिकेत जावे आणि तेथे हवा तेवढा वेळ द्यावा.