कड्याचं लोकेशन टाकताय? या चुका टाळा

सह्याद्रीतल्या बहुतेक कड्यांवर चढायला कुणी लेखी परवानगी दिलेली नसते. वाट कुणाच्या तरी खाचराच्या बांधावरून जाते, गाडी कुणाच्या तरी खळ्यावर उभी राहते आणि ‘येतात पोरं, येऊ द्या’ एवढ्यावर सगळं चाललेलं असतं. गावाने हे म्हणताना डोळ्यांसमोर दोर खांद्यावर टाकलेली सहा-आठ माणसं असतात. रील बघून रविवारी उतरणारा जथा त्यांच्या हिशेबात नसतो.

माझीच चूक आधी सांगतो. एका सुळक्याबद्दल लिहिताना चढाईचा टप्पा न् टप्पा उतरवला आणि शेवटी ‘शेवटच्या घरामागे गाडी लागते’ म्हणून नकाशावर पिन टाकली. वर्णन फारसं कुणी वाचलं नाही, पिन मात्र गावोगाव फिरली. पुढच्या हिवाळ्यात गेलो तर खळ्याला काटेरी कुंपण. भाताच्या झोडणीच्या दिवसांत तिथे गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या आणि घरातल्या आजीने हटकलं तर तिलाच उलट उत्तरं मिळाली होती. सुळक्यावर बंदी कुणीच घातली नाही, पण आमची वाट गेली ती गेलीच. कड्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. भानगड होते ती गाडीची जागा, मुक्कामाचं अंगण आणि पिण्याच्या पाण्याचं टाकं, या तीन गोष्टी जाहीर झाल्या की. त्या मालकाला विचारल्याशिवाय लिहू नका.

कॅप्शनमध्ये नाव नाही, म्हणजे जागा कळणार नाही?

कळते. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर त्यातली जागेची नोंद निघून जाते. पण ‘क्वालिटी जाऊ नये’ म्हणून तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला की अक्षांश-रेखांशासकट जातो. स्ट्राव्हा या व्यायामाची वाट नोंदवणाऱ्या ॲपवर चढाईची नोंद सार्वजनिक असेल तर नकाशात कुणाच्या दारातून निघालात तेही दिसतं. सुरुवातीचा आणि शेवटचा भाग झाकायची सोय तिथे आहे, ती निघण्याआधीच चालू करा. एवढं करूनही मागे ओळखीचा डोंगर आला की जाणकार पाच मिनिटांत जागा सांगतात. त्यातला एखादा भला माणूस उत्तर कमेंटमध्ये लिहून मोकळा होतो. ती कमेंट पुसणं हे तुमचं काम.

घरट्याचा फोटो

ही सगळ्यांत महागडी चूक. लांब चोचीचं गिधाड उभ्या कड्याच्या कपारीत घरटं करतं, वर्षाला एकच अंडं घालतं. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे, तशी मेलेली गुरं खाऊन, ही गिधाडं जवळपास संपली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तरी आज उरलेलं प्रत्येक घरटं मोलाचं आहे. गंमत अशी, की त्यांचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे आपल्या चढाईचाच. कातळावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले तर त्या भिंतीचा नाद सोडा आणि वनखात्याला कळवा, ग्रुपला नको. ड्रोन तर बॅगेतूनही काढू नका. आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त पक्ष्यांची नेमकी जागा आपोआप झाकली जाते. मात्र लोक खालच्या टिपणात ‘अमुक कड्याची उत्तर बाजू’ असं लिहितात आणि झाकलेलं स्वतःच उघडं करतात.

आडवाटेची फुशारकी

‘वनखात्याचा नाका टाळून मागच्या नाळेने (डोंगरातल्या अरुंद घळीने) वर’ असा जीपीएस ट्रॅक अपलोड करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. हरिश्चंद्रगड, रतनगड हा सगळा अभयारण्याचा भाग. तिथे विनापरवाना शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि नाव, तारीख, वेळ, वाट असा तयार पंचनामा आपणच छापतो.

जुनी बंदी, नवा फॉरवर्ड

धबधबे आणि घाटवाटांवरचे मनाई आदेश ठरावीक मुदतीचे असतात. दर जूनमध्ये कुठला तरी जुना कागद तारीख कापून फिरतो. आदेशात ‘कलम १४४’ दिसलं तर तो जुलै २०२४ पूर्वीचा समजा. आता तिथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ असतं. उलटंही घडतं: ‘बंदी उठली’ असं एकाने लिहिलं की चाळीस गाड्या निघतात. पूर्ण आदेश, तारखेसकट, नाहीतर काहीच नाही.

आता दुसरं टोक. काही जुनी मंडळी सगळंच गुलदस्त्यात ठेवतात, आणि तेही मला पटत नाही. कुठल्या ओव्हरहँगखाली (बाहेर झुकलेल्या कातळाखाली) आग्या मोहोळ लागलंय, दोर अडकवायचा कुठला बोल्ट हलतोय, कुठली दरड सुटलीये, हे लपवलं तर माणसं मरतात. ते बिनधास्त लिहा, फक्त पाहिल्याची तारीख घाला. मोहोळं जागा बदलतात. मागल्या वर्षीचा इशारा यंदा दुसऱ्याच भिंतीवर लागू असतो.

पोस्ट आधीच फिरली असेल तर

इन्स्टाग्रामवरचं लोकेशन नंतरही काढता येतं, स्ट्राव्हावरची नोंद ‘फक्त मला’ करता येते. लोकांनी उतरवून घेतलेली जीपीएक्स फाइल (वाटेच्या नोंदीची फाइल) मात्र परत येत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही बदलता येणाऱ्या नकाशावरून बंद झालेली वाट पुसू नका, पुढचा माणूस उपग्रहचित्र बघून ती पुन्हा काढतो. ती ठेवून तिच्यावर ‘खासगी’ किंवा ‘प्रवेश नाही’ अशी खूण करा. आणि गावात जा. फोनवर हे मिटत नाही.

मी गेलो. आजीने चहा दिला, कुंपण काढलं नाही. गाड्या आता शाळेमागच्या पडीक जागेवर लागतात, सरपंचांना विचारून. पिनही तिथे हलवली. जुनी पिन अजून फिरतेय. कुणी टाकली की मी खाली शाळेचा पत्ता लिहितो.