जुनी बुलेट लीन चालतेय? जेट बदलण्याआधी हे तपासा

इंजिन गरम झालं तरी चोक दिल्याशिवाय गाडी नीट ओढत नाही, रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही, प्लग काढला तर टोक पांढरं. जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५०ची ही लक्षणं दिसली, तर इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी जातंय, म्हणजेच गाडी लीन चालतेय. सायलेन्सरमधले फटाके मात्र एकटा पुरावा धरू नका. बेंड पाइप हेडपाशी सैल असला तरी ते वाजतात.

अशा वेळी बहुतेक जण थेट मोठा जेट (कार्ब्युरेटरमधला, पेट्रोल मापून सोडणारा भोकाचा तुकडा) टाकतात. मीही दोनदा टाकला होता. दोष निघाला कार्ब्युरेटरच्या रबराला गेलेल्या चिरेत.

म्हणून पहिलं काम पेट्रोलचं. कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा, टाकीचं झाकण बंद ठेवा आणि कॉक उघडा. धार सुरुवातीला जोरात येऊन मग मंदावली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पहिल्यापासूनच बारीक असेल, तर कॉकची जाळी साफ करा. हे इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत करा.

मग चोरटी हवा शोधा. खरी मेहनत इथे आहे. इंजिन स्लोवर ठेवा आणि कार्ब्युरेटर व हेड यांच्यामधल्या जोडावर फवाऱ्याने थोडं थोडं पाणी मारा. आवाज बदलला की गळती तिथेच. काही जण क्लीनरचा स्प्रे मारतात, पण तापलेल्या बेंडशेजारी तो पेट घेऊ शकतो, पाणी बरं. रबर चिरलं असेल तर बदला, चिकटपट्टी नको. रबराऐवजी फ्लँज (नटांनी आवळायचा चपटा जोड) असेल तर ती काचेवर ठेवून बघा: नट फार आवळल्याने ती वाकते आणि नवं गॅस्केटही मग टिकत नाही. एअर फिल्टर जागेवर आहे ना, तेही बघा. ‘आवाज भारी येतो’ म्हणून तो काढलेल्या गाड्या कमी नाहीत.

आता पायलट जेट, म्हणजे स्लोवर पेट्रोल देणारा छोटा जेट. उजेडाकडे धरलं की भोक गोल, स्वच्छ दिसलं पाहिजे. नायलॉनचा दोरा वापरा. तारेने भोक मोठं होतं.

इतकं करूनही लीनच, तर आजच्या पेट्रोलचा विचार करा. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या सेटिंगची गाडी आपोआप थोडी लीन होते. इथे सेटिंग बदलणं रास्त आहे.

मिककार्ब कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो. तो आत फिरवला की मिश्रण दाट होतं. पूर्ण आत बसवून दीड फेरा बाहेर काढा, तिथून पाव-पाव फेऱ्याने जुळवा. मधल्या रेसला गाडी अडखळत असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर उचलली जाते. मेन जेट फक्त पूर्ण रेसला दम सुटत असेल तरच.

एका वेळी एकच बदल करा. मग दोन किलोमीटर एकसारख्या वेगाने चालवा, क्लच दाबून चावी बंद करा आणि प्लग जरा निवल्यावर काढा. टोक फिकट बिस्किटी दिसलं की पाना खाली ठेवा.