उत्तर ध्रुवाकडच्या फ्लाइटचं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो ते स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन किती लांब असं सर्च केलं की लगेच आकडा येतो, साधारण 960 किमी, आणि मग बरेच जण त्याला जेटच्या ताशी 800 किमी स्पीडने भागून सव्वा तासात पोचतोय असं धरून चालतात. नाही पोचत. 800 चा स्पीड विमान पुरतं वर गेल्यावर येतो, त्याआधी रनवेपर्यंत जाणं, टेकऑफ, वर चढणं आणि शेवटी उतरताना परत स्पीड कमी, म्हणून वर 25-30 मिनिटं धरायचीच. मग कुठे एक तास चाळीसच्या आसपास येतं, आणि टाइमटेबलमध्येही साधारण तेवढंच असतं. आकडा मैलात आहे की किमीत तेही बघा, नॉटिकल मैल असेल तर एक म्हणजे 1.852 किमी.

विमान कुठलं हे तर कोणी बघतच नाही. त्या बाजूच्या छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा जेट नसतं, डॅश 8 नाहीतर एटीआर 42 अशी पंख्याची विमानं असतात आणि ती ताशी 500 च्या आसपास जातात.

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. ट्रॉम्सो आणि अलास्कातलं उत्कियाग्विक दोन्ही साधारण 70-71 अक्षांशावर, सपाट नकाशात सरळ आडवी रेघ मारली तर ती साडेसहा हजार किमीची होते, पण खरं सगळ्यात जवळचं अंतर जवळजवळ ध्रुवावरून जातं आणि ते 4,300 किमीच्या थोडंसं वर आहे. आता एवढं जवळ दिसतंय म्हणून थेट फ्लाइट शोधत बसाल तर ती नाहीये, अंतर सांगणाऱ्या साइट्स फक्त दोन टोकं जोडतात, तिथे विमान जातं का याच्याशी त्यांचा संबंध नसतो.

सगळ्यात जास्त घोळ घड्याळाचा होतो. कॅनडातलं इकालुइट आणि ग्रीनलँडचं नूक यात अंतर जेमतेम 820 किमी, पण घड्याळात वर्षातला बहुतेक काळ 3 तासांचा फरक, नूक पुढे. इकालुइटहून दुपारी 12 ला निघून दोन तास उडालात तरी तिकिटावर पोचायची वेळ 5 दिसणार, आणि लोक म्हणतात पाच तासांची फ्लाइट! येताना तर निघालो त्याच्या आधीच पोचलो असं दिसतं. शिवाय ही थेट सेवा असली तरी सीझनपुरतीच असते, ती नसेल तर दक्षिणेला ओटावाला येऊन पुढे अटलांटिक ओलांडून फिरून यावं लागतं, म्हणून आधी तारीख बघा, किमी नंतर. ग्रीनलँडबद्दल जुनी माहिती वाचून प्लॅन करू नका, नूकचा 2,200 मीटरचा रनवे नोव्हेंबर 2024 मध्ये सुरू झाला आणि कोपनहेगनची मोठी विमानं आता थेट तिथे उतरतात, आधी ग्रीनलँडमधल्याच कांगरलुसुआकला विमान बदलावं लागायचं.

लाँगइयरब्येनला जाताना अजून एक. स्वालबार्ड नॉर्वेचंच आहे पण शेंगेनच्या (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाच्या) बाहेर, त्यामुळे ओस्लोवरून ट्रॉम्सोला थांबून जाणारी फ्लाइट असेल तर ट्रॉम्सोला सगळ्यांना उतरवून पासपोर्ट तपासतात, सीट तीच असली तरी. त्यात वेळ जातो. आणि ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांच्यासाठी परतीला ही नवीन एंट्री धरली जाते, म्हणून तिकीट काढायच्या आधीच व्हिसावर सिंगल लिहिलंय की मल्टिपल हे नीट बघून घ्या.