बोअरिंगआधी पिस्टन हातात हवा

परफॉर्मन्स इंजिन बांधण्याचे काम शिकायला माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न बहुधा कोणता कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घालावा असा असतो. प्रश्न रास्त आहे, पण मी उघडलेल्या फसलेल्या इंजिनांपैकी बहुतेकांमध्ये सुटे भाग उत्तमच होते. कोणते काम कोणत्या कामाच्या आधी करायचे याचाच विचार कोणी केलेला नव्हता. माझे स्वतःचे पहिले इंजिन याच कारणाने फसले, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

डिप्लोमानंतरची पहिली दोन वर्षे मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मशीनशॉपमध्ये काढली. तिथे दिवसभर ट्रक आणि ट्रॅक्टरचे ब्लॉक बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर कापून मोठे करायला, येत. मोटारींची कामे उरल्या वेळेत होत. 2013 साली एका मित्राने त्याची जुनी मारुती एस्टीम ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या जागेवर आखलेल्या वाटेची घड्याळाशी शर्यत) तयार करायला माझ्याकडे सोपवली. 1298 सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे हे इंजिन शिकाऊ माणसासाठी आजही चांगले आहे. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) 75.5 मिमी आहे, ब्लॉक व हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे असून ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या भिंती म्हणून बिडाचे लायनर आहेत. एस्टीमचे उत्पादन 2007 मध्ये थांबले, तरी याच घराण्याचे इंजिन जिप्सीत त्यानंतरही बरीच वर्षे बसत असल्यामुळे अनेक भाग अजून मिळतात, मात्र प्रत्येक भागाचा पार्ट नंबर जुळवून पाहावा लागतो.

इंजिन उघडल्यावर बोअर झिजलेले दिसले. गणपतीच्या सुट्टीआधी बोअरिंग मशीन दोन दिवस मोकळे होते, आणि शॉपमधल्या रिवाजाप्रमाणे मी ब्लॉक सरळ ‘वीस’ला, म्हणजे वीस थाऊ (इंचाचे हजारांश) किंवा 0.50 मिमी ओव्हरसाइजला (मूळ मापापेक्षा मोठा) बोअर करून घेतला. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन नंतर मागवू, असे मनात होते. मागवायला गेलो तेव्हा कळले, की आम्हाला हवे तसे पिस्टन 74.5 मिमीमध्ये तयार नव्हते. होते ते थेट 75 मिमीचे. शेवटी ब्लॉक पुन्हा मशीनवर चढवला, लायनरची आणखी जाडी गेली, आणि पुढच्या वेळी त्या ब्लॉकला बोअर करायला जागाच उरली नाही. मशीन दोन दिवस मोकळे आहे, एवढ्या एका कारणासाठी मी त्या ब्लॉकचे पुढचे आयुष्य खर्चून टाकले होते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. इंजिन पूर्ण उघडायचे, धुवायचे, मोजायचे, तडे तपासायचे आणि मगच कागद घेऊन बसायचे. मोजमाप म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी घेतलेले सहा आकडे, म्हणजे चार सिलिंडरचे चोवीस. याशिवाय क्रँकच्या प्रत्येक जर्नलचे (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि प्रत्येक कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या डोळ्याचे (क्रँकवर बसणारे भोक) आकडे वेगळे. बोअर किती ओव्हल झाला आहे आणि किती टेपर (वर-खाली निमुळता) आहे, हे या आकड्यांवरून कळते, नुसते बोट फिरवून कळत नाही. ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर आदल्या रात्रीपासून एकाच खोलीत ठेवावेत असे मी सांगतो तेव्हा मुले हसतात. 74 मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन दहा अंश तापमानाला सुमारे 0.016 मिमी वाढतो, आणि कंपनीच्या कास्ट (ओतीव) पिस्टनची सिलिंडरच्या भिंतीशी फट काही शतांश मिलीमीटरच असते, हे त्यांना गणित करून दाखवले की हसू थांबते.

तडे तपासण्याच्या बाबतीत एक खबरदारी सांगितलीच पाहिजे. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड पोलादाचे किंवा बिडाचे असल्यामुळे चुंबकीय तपासणीत त्यांचे तडे दिसतात. ॲल्युमिनियमच्या हेडला आणि ब्लॉकला ती पद्धत चालत नाही, तिथे रंगद्रव्य मुरवून तपासावे लागते. याच जातीची दुसरी चूक धुण्याच्या वेळी होते. ट्रकचे बिडाचे ब्लॉक गरम कॉस्टिकच्या टाकीत टाकण्याची शॉपमध्ये सवय असते आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खाते. माझा एस्टीमचा ब्लॉक त्या टाकीच्या काठावर पोहोचला होता. एका जुन्या मेस्त्रींनी तो वजनावरून ओळखला आणि हात धरून थांबवला. तेव्हापासून मी मशीनशॉपला देताना प्रत्येक जॉबला तारेने चिठ्ठी बांधतो आणि तिच्यावर पहिला शब्द ‘ॲल्युमिनियम’ असा मोठ्या अक्षरात लिहितो.

आता कागदाकडे येऊ. त्यावर सर्वांत वर इंजिनाचे काम लिहावे: दोन मिनिटांची ऑटोक्रॉसची फेरी, दिवसभराची रॅली की रोज रस्त्यावर चालवायची गाडी. याच्या उत्तरावर पिस्टनची जात ठरते. 4032 या मिश्रधातूत सिलिकॉन जास्त असल्यामुळे तो कमी फुगतो, म्हणून त्याचे पिस्टन कमी फटीत बसतात आणि थंड असताना आवाज करीत नाहीत. 2618 मध्ये सिलिकॉन फारच कमी असते, तो नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी पेटल्याचा) मार अधिक सोसतो, पण जास्त फुगत असल्यामुळे त्याला जास्त फट द्यावी लागते आणि थंड इंजिन खडखडते. रोजच्या गाडीत मी 2618 घालत नाही. फट नेमकी किती द्यायची हे पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावर छापलेले असते, आणि बोअरिंगवाल्याला द्यायचा आकडा तोच. म्हणून अंतिम बोअरिंग आणि होनिंग (दगडाने बारीक घासून नेमके माप आणणे) पिस्टन हातात आल्यावरच करायचे, आणि तेही चारही पिस्टन मोजून, ज्या त्या सिलिंडरला क्रमांक देऊन. शक्य असेल तर होनिंगच्या वेळी हेडच्या जागी जाड पोलादी पट्टी पूर्ण टॉर्कने आवळून घ्यावी, कारण हेडचे बोल्ट आवळल्यावर बोअरचा आकार किंचित बदलतो.

सुटे भाग आणि मशीनकाम यांच्यातली अशी बंधने एकदा लक्षात आली की बाकीचा क्रम आपोआप उलगडतो. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट बदलायचे असतील, तर नव्या बोल्टच्या ताणाने मोठा डोळा थोडा ओव्हल होतो, म्हणून बोल्ट आधी घ्यायचे आणि डोळा पुन्हा साइजला आणायचा. मेन कॅपला (क्रँक ब्लॉकमध्ये धरणारी टोपी) बोल्टऐवजी स्टड घालायचे असतील तर तेच, तिथे लाइन होनिंग (क्रँकच्या सगळ्या बैठका एका रेषेत घासणे) करावे लागते. ते बोअरिंगच्या आधी, कारण बोअर आणि डेक (ब्लॉकचा हेड बसणारा माथा) हे दोन्ही क्रँकच्या रेषेवरून मोजले जातात. क्रँक ग्राइंड करण्याआधी त्या अंडरसाइजचे (लहान झालेल्या मापाचे) बेअरिंग बाजारात आहेत का, हे दुकानात जाऊन पाहायचे, फोनवर मिळालेल्या होकारावर जायचे नाही. ग्राइंडिंगनंतर जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई शाबूत आहे ना, हेही पाहायचे, कारण तिथे धारदार कोपरा राहिला तर क्रँकचा तडा तिथूनच सुरू होतो. बॅलन्सिंग सगळ्यांत शेवटी, कारण फ्लायव्हील आणि क्लचचे कव्हर हाती आल्याशिवाय ते अर्धेच होते.

हेडचे मशीनकाम मी वेगळे सांगतो, कारण तिथे माझी दुसरी चूक झाली. फेसिंगला (तळ सपाट कापायला) हेड दिले तेव्हा किती घ्यायचे हे मी लिहून दिले नव्हते. ते शॉप कोणते होते हे महत्त्वाचे नाही. तिथल्या माणसाने रेसच्या गाडीला सगळे एवढे घेतात म्हणून 0.4 मिमी काढले. 75 मिमी बोअरला एका सिलिंडरचे विस्थापन सुमारे 333.5 सीसी होते. 10 कॉम्प्रेशनसाठी (मिश्रण दहापट दाबले जाण्यासाठी) पिस्टन वर असताना उरणारी जागा 37 सीसीच्या आसपास हवी. 0.4 मिमी फेसिंगने त्यातले सुमारे दीड सीसी गेले आणि कॉम्प्रेशन 10.4 च्या घरात पोहोचले. तेव्हा पंपावरचे साधे पेट्रोल 91 ऑक्टेनचे होते, आणि चढावर इंजिन नॉकिंगने वाजायला लागले. शिवाय बेल्टवर चालणाऱ्या कॅमशाफ्टच्या इंजिनात हेड खाली आले की कॅमचे टायमिंग किंचित मागे पडते, त्याचाही आम्ही विचार केला नव्हता. इग्निशनचे टायमिंग मागे घेऊन, म्हणजे ताकद सोडून, तो हंगाम काढावा लागला.

आता मी हेड फेसिंगला देण्याआधी चेंबरवर ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून बसवतो, तिच्या भोकातून ब्युरेटने रंगीत केरोसीन सोडतो आणि चारही चेंबरचे आकारमान लिहून ठेवतो. गॅस्केटची दबलेली जाडी, पिस्टनच्या माथ्यातला खड्डा आणि पिस्टन डेकपासून किती खाली राहतो, हे आकडे त्यात मिळवले की किती फेसिंग परवडेल ते कागदावरच कळते. पोलादी थरांचे गॅस्केट वापरायचे असेल तर पृष्ठभाग अधिक गुळगुळीत लागतो, तेही चिठ्ठीवर लिहायचे. मोठ्या लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅमशाफ्ट असेल तर पिस्टनच्या माथ्यावर माती ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि दबलेली माती कापून मोजावी. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये इनटेकला निदान 2 मिमी आणि एक्झॉस्टला 2.5 मिमी मोकळीक मी धरतो. ही सुकी जोडणी बॅलन्सिंगआधी करावी, नाहीतर व्हॉल्व्हसाठी पिस्टन कोरावे लागले तर बॅलन्सिंगचे पैसे पुन्हा भरावे लागतात.

पैशांबद्दल थोडक्यात सांगतो. पहिल्या अंदाजात नवशिके पिस्टन, कॅमशाफ्ट आणि गॅस्केट एवढेच धरतात. बेअरिंग, ऑइल पंप, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, हेडचे बोल्ट, सील आणि रनिंग-इनचे ऑइल यांची यादी केली की ती रक्कम कॅमशाफ्टला मागे टाकते. मी एकूण अंदाजाचा तिसरा हिस्सा हात न लावता बाजूला ठेवतो, आणि अजून एकदाही तो पूर्ण उरलेला नाही.

शिकण्याची वाट विचारणाऱ्यांना मी इंजिन गॅरेजच्या आधी मशीनशॉप सुचवतो. आयटीआयचा मशिनिस्ट ट्रेड दोन वर्षांचा आहे आणि तो केलेल्या मुलाला बोअर गेज हातात धरायला शिकवावे लागत नाही. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना बाहा किंवा फॉर्म्युला भारत या, विद्यार्थ्यांनीच गाडी बांधायच्या स्पर्धांच्या, संघात भाग मागवण्याचे वेळापत्रक सांभाळायला मिळाले तर ते जरूर घ्यावे. चाक हातात मिळण्यापेक्षा त्यातच अधिक शिकायला मिळते. हत्यारांत पहिली खरेदी मायक्रोमीटरची करावी. 50 ते 75 मिमीचा एक घेऊन भागेल असे वाटते, पण एस्टीमचा बोअर 75 ला गेला की बोअर गेज त्या मायक्रोमीटरच्या अगदी टोकावर सेट करावे लागते आणि त्यापुढे फट मोजायला जागा राहत नाही, म्हणून मी मुलांना 75 ते 100 चाही सोबतच घ्यायला लावतो.

सगळे भाग शॉपमधून परत आले की ऑइलच्या मार्गांचे प्लग काढून ब्रश घालावा, होन केलेले बोअर गरम साबणाच्या पाण्याने धुवावेत आणि पांढरे फडके फिरवल्यावर त्यावर काळे यायचे थांबेपर्यंत ते पुन्हा पुन्हा धुवावेत. वाळताच ऑइल चोळावे, कारण पावसाळ्यात बिडाचे लायनर तासाभरात लाल पडतात. एस्टीमच्या दुसऱ्या इंजिनाला, ज्यासाठी आम्ही वेगळा ब्लॉक शोधला, या एका कामाला माझे साडेतीन तास गेले. त्या इंजिनाचे पिस्टन बोअरिंगच्या आधी अकरा दिवस माझ्या कपाटात होते.