गेमचा पोर्ट चांगला की फसलेला, हे तपासायचं कसं

जुन्या गेमचा पोर्ट, म्हणजे एका मशीनसाठी केलेला गेम दुसऱ्या मशीनवर चालेल असा करून काढलेली आवृत्ती, आला की पहिल्याच दिवशी दोन गट पडतात, एक म्हणतो ग्राफिक्स कसले भारी केलेत, दुसरा म्हणतो पार वाट लावली, आणि दोघांनाही विचारलं की बाबांनो ओरिजिनल शेवटचं कधी खेळलात तर उत्तर येतं "कॉलेजला असताना, सायबर कॅफेत". म्हणजे तुलना चाललीय पोर्टची आणि आठवणीची. आठवणीत सगळेच गेम ६० फ्रेम्सवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं इतके सुरळीत, चालतात हो.

म्हणून आधी एक ठरवा, ओरिजिनल म्हणजे नक्की कुठलं. जीटीए सॅन अँड्रियासच घ्या, आपल्याकडे बहुतेकांनी खेळला तो २००५ चा पीसीवाला, पण गेम मुळात आला २००४ मध्ये पीएस२ (प्लेस्टेशन २) वर, आणि पीसीवाला हाच एक पोर्ट होता. पीएस२ वर दुपारी जो नारिंगी, तापल्यासारखा रंग चढायचा तो पीसीवर बराचसा गेला. त्यामुळे "आमच्यावेळी असं नव्हतं" म्हणण्याआधी खऱ्या पीएस२ वरचं रेकॉर्डिंग शोधा. एम्युलेटरवर, म्हणजे पीसीवर पीएस२ ची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, रेझोल्यूशन वाढवून केलेलं नको, त्यात मूळ चित्र कसं होतं ते कळतच नाही. मग पोर्टमध्ये तीच जागा, तीच वेळ, तेच हवामान पकडून दोन्ही शेजारी लावा. एकीकडे दुपार आणि दुसरीकडे संध्याकाळ असले स्क्रीनशॉट लावून भांडणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

आता बघायचं काय? रेझोल्यूशन सोडा, ते कुणालाही वाढवता येतं. जे काढलंय ते मुळात तिथे कशासाठी होतं, हा प्रश्न विचारा. पीएस२ ची मेमरी फक्त ३२ एमबी, त्यात एवढा मोठा नकाशा बसवायचा म्हणून लांबचं सगळं धुक्यात टाकलं आणि रस्ते मुद्दाम वळणावळणाचे ठेवले, त्यामुळे माउंट चिलियाड या गेममधल्या डोंगरावरून बघितलं तरी राज्य अफाट वाटायचं. याच गेमच्या २०२१ च्या डेफिनिटिव्ह एडिशन या नव्या आवृत्तीमध्ये ते धुकं उडवलं, आणि विमानातून बघितलं तर तिन्ही शहरं हाकेच्या अंतरावर, मंडपाचा पडदा काढल्यावर मागची खरकटी पातेली दिसावीत तसं. शेवटी नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्यासारखी प्रकाशयोजना आणि धुकं परत आणावं लागलं. त्याच एडिशनमध्ये टफ नट डोनट्स दुकानाबाहेरचा मोठा नट बघा, मूळचा षटकोनी, बोल्टवर बसतो तसला, आणि कडा गुळगुळीत करण्याच्या नादात तो झाला गोल, दुकानाच्या नावातली सगळी गंमतच गेली. सायलेंट हिल या भयपट गेम मालिकेच्या २०१२ च्या एचडी कलेक्शनमध्येही धुक्याचीच बोंब होती, पण तिथे पोर्ट करणाऱ्यांच्या हातात मूळ गेमचा अंतिम सोर्स कोडच नव्हता, अर्धवट कोडवरून काम करावं लागलं, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला थोडी दया येते.

दुसरी गोष्ट, वेग. जुन्या गेममध्ये बरीच गणितं फ्रेमला बांधलेली असतात. सॅन अँड्रियास पीसीवर फ्रेम लिमिटर (फ्रेम्सवर मर्यादा घालणारं सेटिंग) बंद करून पाण्यात उडी मारा, गेमचा हिरो सीजे पोहताना चक्क हळू होतो. डार्क सोल्स २ मध्ये तर पीसीवर ६० फ्रेम्सला शस्त्रं दुप्पट वेगाने झिजायची आणि लोकांना वाटायचं आपणच चुकीचं मारतोय. तेव्हा पोर्टमध्ये ३० आणि ६० असे दोन्ही पर्याय असतील तर एकच उडी, एकच पोहणं, एकच गाडी दोन्हीकडे करून बघा, फरक पडला तर फ्रेम्स वाढवल्या पण आतलं गणित तसंच सोडलंय. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या, सेकंदाला ५० वेळा (५० हर्ट्झ) चित्र बदलणाऱ्या टीव्हीसाठी काढलेल्या जुन्या गेमची गंमत वेगळीच, ६० हर्ट्झचा गेम नीट न जुळवता ५० वर चालवला की मिनिटभराची सुरुवात ७२ सेकंद चालते आणि म्युझिकसुद्धा रेंगाळतं. असल्या आवृत्तीवरून पोर्ट केलाय का हे साध्या स्टॉपवॉचने कळतं.

बटण दाबल्यावर किती उशिरा हलतं ते "जाणवतं" वगैरे म्हणू नका, मोजा. फोनचा स्लो मोशन २४० फ्रेम्सवर लावा, कंट्रोलर आणि स्क्रीन एकाच चौकटीत घ्या, उडीचं बटण दाबा, मग बोट खाली गेल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम्स मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलीसेकंद, ४० आल्या तर १६७ च्या आसपास. दहा वेळा करून सरासरी काढा. आणि टीव्हीचा गेम मोड चालू आहे का आधी बघा, नाहीतर टीव्हीचा उशीर बिचाऱ्या पोर्टच्या नावावर जमा होईल.

गाण्यांचं लवकर आटपतो. लायसन्स संपलं की गाणी जातात, जीटीए व्हाइस सिटीच्या स्टीम या ऑनलाइन गेम दुकानावरच्या २०१२ च्या आवृत्तीतून मायकल जॅक्सनची गाणी अशीच गेली. हा पोर्टवाल्याचा दोष नाही, पण पैसे देणाऱ्याला माहीत असायला हवं.

कमी दिसतंय म्हणजे वाईट असंही नसतं बरं का. विचर ३ चा २०१९ चा निन्टेन्डो स्विचवरचा पोर्ट बघा, हातात धरून खेळताना ५४० पी च्या आसपास, झाडं पुसट, पण दोन्ही एक्स्पान्शन, म्हणजे नंतर आलेल्या मोठ्या जोडकथांसकट, अख्खा गेम आहे आणि नकाशाला कात्री लावलेली नाही. काय कापायचं ते नीट कळलेलं होतं. पीएस१ वरचा डूम तर नकाशे सोपे करून, म्युझिक बदलून, रंगीत अंधार घालून आला आणि पीसीपेक्षा जास्त भीतिदायक झाला, मला तरी तोच आवडतो. याउलट २०१५ चा अर्खम नाइट पीसीवर इतका खराब चालला की जूनमध्ये विक्री थांबवली आणि ऑक्टोबरमध्ये परत आणला. त्यामुळे कुठलाही रिव्ह्यू वाचताना तो कुठल्या पॅचवर (दुरुस्तीच्या अपडेटवर) लिहिलाय ते बघा, स्वतः लिहिलात तर पॅचचा आकडा टाका.

आणि स्टीमवर घेतला असेल तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेपर्यंत पैसे परत मागता येतात, तेव्हा फोनची टेस्ट, फ्रेम्सची टेस्ट पहिल्या तासातच उरका, कॅरेक्टरचे केस आणि मिशा नंतर निवडा.